देशी गाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदगीरकडच्या आमच्या गोठ्यात देवणी जातीची लहान-मोठी अकरा जनावरे आहेत. वसुबारसेला पूजेसाठी येणाऱ्या बायका, दुधाचा रतीब लावणारी कुटुंबे, नोकरी सोडून गाई घ्यायला निघालेली मुले, पुण्या-मुंबईहून आणि परदेशातून फोन करणारे आपले लोक, सगळे वर्षभर साधारण हेच प्रश्न विचारतात. गाय आम्हाला जिवापाड प्रिय आहे. म्हणूनच तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या खोट्या गोष्टींबद्दलही इथे स्पष्ट लिहिले आहे.

१. देशी गाय ओळखायची कशी? वशिंड असले की देशी, एवढे पुरे का?

पुरे नाही. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि उन्हात न धापणारे अंग ही देशी गोवंशाची लक्षणे खरी. पण जर्सीच्या संकरातून झालेल्या कालवडीलाही कधी कधी लहानसे वशिंड असते. शिंगांची ठेवण, कानांचा आकार, कातडीचा आणि खुरांचा रंग, आईबापाची माहिती हे सगळे मिळून जात ठरते. जातींची अधिकृत नोंद हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था करते. ज्या गाई कोणत्याच नोंदलेल्या जातीत बसत नाहीत त्यांना आपण गावठी म्हणतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गोवंश मोजला गेला, त्यातला बराच मोठा भाग या गावठी गाईंचाच आहे. महाराष्ट्रातला गोवंश तेव्हा सुमारे १ कोटी ४० लाख होता, आधीच्या गणनेपेक्षा कमी.

२. महाराष्ट्राच्या स्वतःच्या गाई कोणत्या? माझ्या भागात कोणती चालेल?

आजोबांच्या गोठ्यात होती ती चालेल, असे आम्ही सांगतो. प्रत्येक जात त्या त्या मातीने आणि हवेने घडवली आहे.

सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर हा खिल्लारचा मुलूख. खिल्लार म्हणजे मुळात जनावरांचा कळप, आणि तो राखणारे ते थिल्लारी. आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत या दुष्काळी पट्ट्यात कमी चाऱ्यावर तग धरणारी, पांढरीशुभ्र, लांब मागे वळलेल्या शिंगांची ही जात बैलासाठी जोपासली गेली. दूध वेताला (एकदा व्यायल्यापासून दूध आटेपर्यंत) चार-पाचशे लिटर, म्हणजे वासराचे भागून घरापुरते.

आमची देवणी लातूर, नांदेड, परभणीकडची. तिच्यात तीन प्रकार : अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या ती वानेरा, पोटाखाली काळे ठिपके ती बाळंक्या, अंगभर वेडेवाकडे काळे पट्टे ती शेवरा. दूध आणि काम दोन्ही देणारी ही जात. नीट सांभाळली तर वेताला हजार लिटरच्या आसपास दूध मिळते. शेजारीच कंधार, मुखेड, लोहा भागात गडद तांबडी लाल कंधारी आहे. ती देवणीपेक्षाही काटक आहे. पाऊस दगा देतो तिथे लाल कंधारीच घ्यावी.

अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, सुरगाणा या घाटमाथ्याची डांगी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे मुसळधार पावसात पाणी अंगावर टिकत नाही. खूर काळे आणि टणक, भाताच्या चिखलात न कुजणारे. राजूरच्या प्रदर्शनात पाहा, एकेका डांगी वळूची कातडी ओल्या दगडासारखी चमकते. वर्ध्याकडची गवळाऊ चपळ आणि हलक्या बांध्याची आहे, आर्वी आणि कारंजा तालुक्यांत ती आजही दिसते. कोकणात ठेंगणी कोकण कपिला डोंगरउतारावर चरून राहते. गोव्याच्या श्वेत कपिलेची आणि गडचिरोलीकडच्या कठाणीचीही आता जात म्हणून नोंद झाली आहे.

३. गीर जास्त दूध देते ना? मग तीच का घेऊ नये?

गीर चांगलीच जात आहे. सौराष्ट्रातली चांगली गीर वेताला दोन हजार लिटरपर्यंत जाते. पण ते दूध तिथली हवा, भरपूर वैरण आणि पिढ्यान्‌पिढ्यांची निवड यांतून आलेले असते. ती गाय कोकणातल्या चिखलात उभी केली तर खूर आणि कास दोन्ही धोक्यात येतात.

आमचा स्वतःचा अनुभव सांगते. बारा लिटरची म्हणून एका व्यापाऱ्याकडून गीर घेतली. बाजारात कास टरारून फुगलेली होती. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दोन्ही वेळचे मिळून साडेचार लिटर निघाले. आदल्या दिवशीची धार न काढता दूध तुंबवून तिला बाजारात उभे केले होते. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. गाय घ्यायची तर मालकाच्या गोठ्यात मुक्काम करायचा, पहिली धार पूर्ण मोकळी काढायला लावायची आणि पुढच्या सलग तीन धारा डोळ्यांदेखत मोजायच्या. चारही सडांतून धार सारखी येते का हे स्वतः पिळून पाहायचे. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक जुळतो का हेही पाहायचे.

४. मग जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाई वाईट का?

अजिबात नाही. राज्यातल्या डेऱ्यांना जाणाऱ्या गाईच्या दुधाचा मोठा भाग संकरित गाईंचा आहे आणि लाखो घरांची चूल त्यावर पेटते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी गांधीजींच्या सांगण्यावरून मुक्काम केला, गीर गाईंचा कळप उभा केला आणि १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन करून कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतन नेले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही संकरित गाय होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून आली. ही सगळी गोसेवाच आहे.

आमचा आक्षेप एकच आहे. चांगल्या खिल्लार किंवा देवणी गाईला परदेशी वळूचे रेतन करू नका. संकर गावठी गाईत करावा, शुद्ध जातीत शुद्धच रेतन करावे. एकदा मोडलेली जात पुन्हा जोडायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

५. देशी गाय परवडते का? खरा हिशेब सांगा.

डेरीला दूध घालून परवडत नाही. हे ऐकून अनेक जण नाराज होतात, पण खोटे सांगून कुणाला कर्जात घालायचे नाही. डेरीचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, गाय देशी की संकरित हे तिथे कुणी विचारत नाही. वेताला हजार लिटर देणारी देवणी दिवसाला सरासरी तीन-साडेतीन लिटर देते. एवढे दूध डेरीला घातले तर पेंडीचे पैसेही कसेबसे निघतात.

आता खर्चाची बाजू. साधारण पावणेचारशे किलोच्या गाईला रोज ५-६ किलो कडबा किंवा इतर कोरडी वैरण, १२-१५ किलो हिरवा चारा, अंग राखायला किलोभर पेंड आणि लिटरमागे ४०० ग्रॅम जादा पेंड लागते. शिवाय ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ५०-६० लिटर पाणी. यातला चारा विकत घेत असाल तर गाय घेऊ नका. पोटापुरती ज्वारी पेरा, बांधावर गवताचे ठोंब लावा, दिवाळीत मक्याचा मुरघास (हवाबंद करून साठवलेला हिरवा चारा) भरा, मग हिशेब बदलतो.

आणि मिळकतीत दुधाबरोबर बाकीचेही धरा. एक गाय रोज ८-१० किलो शेण देते, म्हणजे वर्षाला साधारण तीन-साडेतीन टन ओले शेण. तुमच्या गावात शेणखताची एक ट्रॉली कितीला मिळते ते विचारा आणि गुणून पाहा. उरलेल्या दुधाचे थेट रतीब लावले तर दर डेरीच्या दुप्पट मिळू शकतो, कारण मधले हात नाहीत. दोन वर्षांनी तयार होणारी कालवड किंवा खोंड हे वेगळे भांडवल. आणि डॉक्टरचा खर्च कमी, कारण उन्हाला आणि गोचिडांना ही गाय लवकर हार खात नाही. आमच्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, भिंतीवर खडूने दोन रकाने आखले होते : एकात दूध, दुसऱ्यात शेण. दुष्काळाच्या वर्षी दुसऱ्या रकान्यानेच तारले. सहा एकर कोरडवाहू जमिनीला आम्ही कित्येक वर्षांत बाहेरून खताचे फार पैसे मोजलेले नाहीत.

६. देशी गाईचे दूध खरेच जास्त पौष्टिक असते का?

दूध कोणत्याही गाईचे असो, ते उत्तम अन्न आहे. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, साधारण सव्वातीन टक्के प्रथिने, पावणेपाच टक्के दुग्धशर्करा आणि १०० ग्रॅममागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. देशी गाईच्या दुधात स्निग्धांश बहुधा संकरितपेक्षा थोडा जास्त, चार-साडेचार टक्क्यांपर्यंत. म्हशीच्या दुधात तो आणखी जास्त. गाईच्या दुधाची पिवळसर झाक हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनची असते. म्हैस त्याचे अ जीवनसत्त्व करून टाकते म्हणून तिचे दूध पांढरे दिसते. हिरवी वैरण खाणाऱ्या जर्सीचे दूध नुसत्या कडब्यावरच्या गिरीपेक्षा पिवळे असू शकते, म्हणून रंगावरून जात ठरवू नका. ज्या घरात दुधाचा पेलाच दुर्मीळ आहे तिथे मुलाला कोणत्या गाईचे दूध मिळते यापेक्षा ते रोज मिळते का, हे महत्त्वाचे.

७. ए-१ आणि ए-२ दूध ही काय भानगड आहे?

दुधात बीटा-केसीन नावाचे प्रथिन असते. ते अमिनो आम्लांची माळ आहे. त्या माळेत ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ए-२, हिस्टिडीन असेल तर ए-१. भारतीय वशिंडी गाईंमध्ये ए-२ बहुसंख्य आहे आणि आपल्या म्हशींमध्येही. म्हणजे ए-२ साठी म्हशीचे दूध सोडण्याचे कारण नाही. होल्स्टीनमध्ये दोन्ही प्रकार सापडतात.

ए-१ पचताना त्यातून बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो आणि त्याने आजार होतात असा दावा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असे म्हटले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए-१, ए-२ चे दावे काढायला सांगितले आणि थोड्याच दिवसांत ती सूचना मागे घेतली. आम्ही रतीबाच्या घरांना ‘ए-२’ सांगून दूध विकत नाही. ‘देवणीचे, आज सकाळचे, पाणी न घातलेले’ एवढे सांगतो आणि ते पुरते.

८. ए-२ तूप म्हणून महाग तूप घ्यावे का?

ए-२ हे प्रथिन आहे (प्रश्न ७ पाहा) आणि तुपात प्रथिन जवळजवळ नसतेच. तेव्हा त्या नावासाठी पैसे देऊ नका. दही लावून, घुसळून काढलेल्या लोण्याच्या तुपाला मात्र मोल आहे. त्याची चव, रवा आणि वास वेगळा असतो, आणि मेहनत फार असते. खरेखोटे ओळखायला साधे गणित करा : साडेचार टक्के स्निग्धांशाच्या दुधापासून किलोभर तूप काढायला पंचवीस ते तीस लिटर दूध लागते. तुमच्या गावातल्या देशी दुधाच्या दराने त्याला गुणा. कुणी त्याच्या निम्म्या किमतीत ‘देशी गाईचे घुसळलेले तूप’ देत असेल तर ते तसे नाही.

९. मला दूध पचत नाही. देशी गाईचे चालेल का?

पोटात गुबारा धरणे, जुलाब होणे हे बहुधा दुग्धशर्करा न पचल्याने होते, आणि ती सगळ्या गाईंच्या दुधात सारखीच असते. अशा लोकांना दही आणि ताक बरेचदा चालते, कारण विरजणातले जीवाणू त्यातली काही शर्करा आधीच संपवतात. दुधाने अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल तर ती प्रथिनाची ॲलर्जी आहे. तिथे देशी-विदेशी असा प्रयोग करू नका, डॉक्टरांना दाखवा.

१०. तान्ह्या बाळाला आईचे दूध कमी पडते. गाईचे पाणी घालून देऊ का?

नका देऊ. आमच्याच गाईचे मागितले तरी आम्ही नाही म्हणतो. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि वर्षाच्या आत गाईचे दूध हे बाळाचे मुख्य दूध असू नये. त्यात लोह फार कमी असते आणि प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातात. दूध खरेच कमी असेल तर बालरोगतज्ज्ञ पर्याय सांगतात. वर्षानंतर उकळलेले दूध आनंदाने द्या.

११. धारोष्ण दूध प्यायचे असते असे आजी म्हणते. प्यावे का?

आजीच्या मायेला नमस्कार करून उकळूनच प्यावे. ब्रुसेलोसिस आणि क्षय हे आजार कच्च्या दुधातून माणसाला होतात आणि बाधित गाय वरून धडधाकट दिसू शकते. ब्रुसेलाची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचतात. तुम्ही गोपालक असाल तर ती चुकवू नका. गाभडलेल्या गाईचा गर्भ आणि जार उघड्या हाताने उचलू नका.

१२. खरवसासाठी चीक मागायला संकोच वाटतो. वासराच्या तोंडचा घास घेतो का आपण?

संकोच वाटतो हे चांगलेच आहे. व्यायल्यापासून तासाभरात वासराला चीक मिळालाच पाहिजे. रोगाशी लढायची त्याची सगळी शिदोरी त्यात असते. दिवसभरात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात जावा. वीस किलोच्या वासराला दोन लिटर. पहिल्या दिवशी आम्ही कुणालाच चीक देत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वासरू पिऊन बाजूला झाल्यावर उरेल तो देतो. त्याचा खरवस थोडा मऊ होतो, त्यात गूळ-वेलदोडा घाला, छान लागतो.

१३. वासराला पाजून धार काढायची की तोडून?

देशी गाय वासराशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. आमच्याकडे पहाटे पाचला चंद्री गाईची पाडी सोडली की ती आधी कासेला दोन ढुशा देते. चंद्री तिचे ढुंगण चाटते, डोळे अर्धे मिटते आणि सड एकदम ताठ होतात. तो पान्हा. तेवढ्यात पाडीला हळूच बाजूला आईच्या तोंडाशी बांधायचे, कास कोमट पाण्याने पुसायची आणि पाच-सात मिनिटांत धार संपवायची. पहिले तीन महिने एक सड पूर्ण वासराचा, हा आबांनी घालून दिलेला नियम. वासरू मारून दूध काढणाऱ्यांची गाय पुढच्या वेताला खालीच येते. पान्ह्याचे इंजेक्शन देणाऱ्याला गोठ्यात पाऊल ठेवू देऊ नका, ते बेकायदा आहे.

१४. माजावर आली हे कसे ओळखायचे आणि आपल्याच जातीचे रेतन कुठे मिळेल?

साधारण एकवीस दिवसांनी गाय माजावर येते : हंबरते, चारा टाकते, काचेसारखा सोट, म्हणजे चिकट स्राव, लोंबतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जातीचे नाव घेऊन रेतमात्रा मागा आणि कांडीवरचे नाव स्वतः वाचा. ‘जे आहे ते टाका’ म्हणू नका. दिवस भरायला नऊ महिने नऊ दिवस धरतात.

१५. गोऱ्हाच झाला तर?

हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्हा ओझे वाटू लागला, हे खरे आहे. उपाय तीन. लिंगनिर्धारित रेतमात्रेने साधारण नव्वद टक्के वेळा कालवड होते, मात्र ती आपल्या जातीची मिळते का ते आधी विचारा. लहान रानात, ओल्या जमिनीत, उसाच्या आणि कापसाच्या ओळींत कोळपणीला बैल आजही ट्रॅक्टरपेक्षा सरस आहे, आणि शिकवलेली जोडी चांगल्या भावाने जाते. तिसरे, खिल्लारच्या मुलखात शर्यतीमुळे खोंडांना मागणी टिकली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या अटी पाळा. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना तिथे जागा नाही.

१६. भाकड गाय विकायची तर कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याची दुरुस्ती मार्च २०१५ पासून लागू आहे. गाय, वळू आणि बैल या तिघांच्या कत्तलीला बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हशीला ही सरसकट बंदी लागू नाही. शेतकऱ्याने शेतकऱ्याला पाळण्यासाठी जनावर विकायला बंदी नाही. बाजार समितीची पावती, कानातला बिल्ला आणि वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला जवळ ठेवा. रस्त्यात कुणी अडवले तर वाद न घालता कागद दाखवा आणि पोलिसांना बोलवा.

आता त्रासाचे बोलते. बंदीनंतर म्हाताऱ्या जनावराचा भाव पडला आणि तो भार एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर आला. रात्रीतून वेशीबाहेर सोडलेल्या गाई आम्ही पाहिल्या आहेत, कासेला काटे रुतलेल्या. त्यांना सोडणारा माणूस दुष्ट नव्हता, त्याच्याकडे कडबा नव्हता. गोवंश वाचवायचा असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी घोषणेबरोबर वैरणीची पेंढीही पाठवली पाहिजे. घरी ठेवणे शक्य असेल तर भाकड गाईला नुसत्या कडब्यावर आणि चरण्यावर ठेवा. शेण-गोमूत्र ती शेवटपर्यंत देते (प्रश्न १८).

१७. गोमूत्र रोज प्यावे का?

आयुर्वेदात गोमूत्राचा वापर आहे, पण वैद्याच्या देखरेखीखाली आणि संस्कार करून. थेट गोठ्यातले पिऊ नका. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतल्या तपासणीत २०२३ मध्ये ताज्या गोमूत्रात रोग करणारे जीवाणू आढळले होते. कर्करोग किंवा मधुमेहाचे औषध थांबवून गोमूत्र सुरू करणाऱ्यांना आम्ही हात जोडून परत पाठवतो. शेतासाठी मागा, हवे तेवढे देतो.

१८. शेण-गोमूत्राचा शेतात नेमका उपयोग कसा करायचा?

जीवामृत सगळ्यांना माहीत आहे. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघरी पोचवले. एकरी प्रमाण : १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो काळा गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, ४८ तासांनी पाटपाण्याबरोबर सोडा. आमचे मत असे, की जीवामृत हे विरजण आहे. विरजणाला दूध लागते तसे त्याला जमिनीत सेंद्रिय पदार्थ लागतो. नुसत्या उघड्या, जळक्या रानात ते ओतून फार फरक दिसत नाही.

म्हणून आमचा भर नाडेपवर आहे. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत, त्यांच्याच नावाची आद्याक्षरे घेऊन नाडेप. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोके ठेवलेले विटांचे टाके. शंभर किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा कुजतो, माती आणि पाणी थराथराने घालायचे. साडेतीन-चार महिन्यांनी हातात घ्या, रानातल्या पहिल्या पावसासारखा वास येतो. शेण कमी असणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली गोष्ट आम्हाला ठाऊक नाही.

पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचा गोबर गॅस बसवा. रोज पन्नासेक किलो शेणावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून तशीच वापरता येते. गोवऱ्या जाळण्यापेक्षा हे केव्हाही बरे, बाईच्या डोळ्यांसाठी आणि रानासाठीही.

१९. गाय माता आहे की उपयुक्त पशू?

मराठी घरात हा वाद जुना आहे. सावरकरांनी गाय उपयुक्त पशू आहे, तिचे पूजन करण्यापेक्षा पालन करा, असे ठामपणे मांडले. गांधीजींनी आणि विनोबांनी तिच्यात सगळ्या मुक्या सृष्टीशी असलेले नाते पाहिले. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने वर्ध्यात गोसेवेला दिले. गोठ्यात उभे राहून पाहिले तर दोन्ही बाजू पहाटे पाचला उठून शेणच काढायला सांगतात. मी चंद्रीला आई म्हणते. आणि आई म्हटले की तिला गोचीड लागू न देणे हे माझे काम होते.

२०. वसुबारसेला शहरात गाय कुठे शोधायची? तिला काय खाऊ घालावे?

आश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची पूजा होते. जवळच्या गोशाळेत किंवा तबेल्यात आधी विचारून जा. त्या दिवशी घरात दूध-तूप टाळून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. त्या दिवशीचे दूध वासराचे, हा अर्थ मला फार आवडतो.

खाऊ घालताना मात्र सांभाळा. पन्नास घरांच्या पोळ्या, भात, गूळ-पुरण एकाच गाईच्या पोटात गेले की तिच्या कोठीपोटात आम्ल वाढते, पोट फुगते, प्रसंगी गाय दगावते. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांचेही असेच होते. नैवेद्याचा एक घास द्या आणि सोबत हिरव्या मक्याची किंवा मेथीघासाची पेंढी न्या. प्लास्टिकच्या पिशवीतले अन्न कधीही रस्त्यावर टाकू नका, त्या वासाने गाय पिशवीसकट गिळते.

२१. आमच्याकडे बेंदूर असतो, मावशीकडे पोळा. खरा सण कोणता?

दोन्ही. बेंदूर आषाढात, दक्षिण महाराष्ट्रात. पोळा बहुतेक ठिकाणी श्रावण अमावास्येला, काही भागांत भाद्रपद अमावास्येला. पेरणी-कोळपणीतून बैल मोकळा कधी होतो त्यावर ठरले असावे. विदर्भात दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. शिंगांना ऑइलपेंट लावू नका, गेरू पुरतो.

२२. ‘राज्यमाता’ जाहीर झाल्यावर मला गाईमागे रोज पन्नास रुपये मिळतील का?

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. रोज ५० रुपयांचे अनुदान नोंदणीकृत गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी आहे, घरी दोन गाई पाळणाऱ्याला नाही. आमच्या मते ते घरच्या भाकड गाईलाही मिळायला हवे, म्हणजे प्रश्न १६ मधली वेळच येणार नाही.

२३. लम्पी आल्यापासून भीती वाटते. दूध प्यावे का?

२०२२ मध्ये राज्यात लम्पी या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाने फार गाई गेल्या. हा विषाणू डास, माश्या, गोचीड यांतून पसरतो, माणसाला होत नाही आणि उकळलेल्या दुधाला धोका नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी लस टोचा, आजारी जनावर वेगळे बांधा, गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. गाठी दिसताच १९६२ वर फोन करा, पशुवैद्यकीय फिरते पथक येते. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी वेगळ्या, त्याही चुकवू नका.

२४. फार्महाउसवर एकच गाय ठेवली तर चालेल का?

एकटी गाय झुरते. ती कळपाचे जनावर आहे. दोन ठेवा किंवा ठेवू नका. राखणदाराच्या भरवशावर आणि शनिवार-रविवारच्या हौसेवर तर नकोच.

२५. विमा उतरवलेली गाय दगावली तर काय करायचे?

कानातला बिल्ला काढू नका, तो हरवला की दावा जातो. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या, बिल्ल्यासकट फोटो काढा. मग विहिरीपासून लांब, सहा फूट खोल खड्ड्यात चुना आणि मीठ घालून पुरा. पंचनामा होण्याआधी खड्डा बुजवू नका.